खिदमतीची नियत आहे, शिस्त कधी येणार?

आमच्या मोहल्ल्यातल्या एक खाला काही वर्षांपूर्वी हजला गेल्या होत्या. वय पासष्टच्या पुढे. मराठी आणि आपली घरातली दखनी, याशिवाय तिसरी भाषा नाही. मिनात जमरातहून परतताना त्या आपल्या गटापासून तुटल्या. हातात बांगडी होती, तिच्यावर नंबरही होता. पहिला स्वयंसेवक भेटला, तो चांगला मुलगा. त्याने पाणी पाजलं, आपल्या संस्थेच्या तंबूत बसवलं आणि आपल्या ग्रुपवर फोटो टाकला. तासाभराने दुसऱ्या संस्थेचा स्वयंसेवक आला. त्याच्याकडचा नकाशा वेगळा होता, तो त्यांना दुसऱ्याच रस्त्याला घेऊन गेला. तिसऱ्याने तिसरीकडे नेलं. असे सात तास गेले. त्या सात तासांत खालांचा मुलगा जवळच चौथ्या संस्थेच्या टेबलापाशी उभा राहून विचारत होता, "माझी अम्मी कुणी पाहिली का?" आणि त्या टेबलावरचा माणूस खरंच सांगत होता, "आमच्याकडे नोंद नाही."

खाला सापडल्या, अल्हम्दुलिल्लाह. म्हणून आज त्या ही गोष्ट हसत सांगतात. पण आम्ही ती ऐकली तेव्हा आम्हाला हसू आलं नाही. चार संस्था होत्या. चौघांची नियत साफ होती, चौघे उन्हात उभे होते, चौघे स्वतःची सुट्टी खर्च करून आले होते. कमी होती ती एवढीच, की चौघांची यादी एक नव्हती.

आज हाच विषय घ्यायचा आहे. आपली माणसं परक्या देशात जाऊन खिदमत करतात, किंवा इथे बसून परदेशातल्या संकटग्रस्तांसाठी पैसा आणि सामान गोळा करतात. हे काम वाढतंय. गेल्या काही वर्षांत कुर्डुवाडीसारख्या छोट्या गावातही हे दिसतं. बाहेर कुठे भूकंप झाला, युद्ध पेटलं की दोन दिवसांत तीन-तीन ग्रुप तयार होतात, तीन क्यूआर कोड फिरू लागतात. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर तीन वेगळ्या चादरी पसरलेल्या असतात. उत्साह कौतुकाचा आहे. पण या कामाला काही दर्जा असावा, काही नियम असावेत आणि गटागटांत मेळ असावा, हे आपण अजून नीट बोललेलो नाही.

आपल्याकडे ही परंपरा नवी नाही

बाहेरच्या देशात मदतीला जाणं हे आपल्याला टीव्हीने शिकवलेलं नाही. बाल्कन युद्धात तुर्कस्तानचे जखमी सैनिक औषधाविना तळमळत होते, तेव्हा डिसेंबर १९१२ मध्ये मुंबईच्या बंदरातून एक वैद्यकीय पथक निघालं. प्रमुख होते डॉ. मुख्तार अहमद अन्सारी, लंडनमध्ये सर्जन म्हणून काम केलेले. बरोबर डॉक्टर होते आणि अलीगढचे तरुणही होते. मौलाना मोहम्मद अलींच्या 'कॉम्रेड' या वर्तमानपत्राने त्यासाठी पैसा उभा करायला मदत केली. १९१३ च्या जुलैत पथक परत आलं. त्यातला अब्दुर रहमान पेशावरी नावाचा तरुण मात्र परत आला नाही, तो तुर्कस्तानातच राहिला.

दुसरं उदाहरण तर आपल्या जिल्ह्याचंच. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म सोलापूर, १० ऑक्टोबर १९१०. जपानने चीनवर हल्ला केला तेव्हा चिनी सेनापती जू दे यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टर मागितले. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते. जुलै १९३८ मध्ये देशभर चीनसाठी निधी जमवला गेला, २२ हजार रुपये आणि एक रुग्णवाहिका उभी राहिली. १ सप्टेंबर १९३८ ला पाच डॉक्टर मुंबईहून निघाले: अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे कोटणीस, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी. चौघे यथावकाश परत आले. कोटणीस आले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते तिथेच वारले. त्यांच्यावर पुस्तक लिहिलं ते ख्वाजा अहमद अब्बास यांनी आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली सिनेमा काढला. सोलापुरात त्यांच्या घरी आज स्मारक आहे. आपल्यातल्या किती जणांनी मुलांना ते दाखवलंय, हा प्रश्न शिक्षक म्हणून आम्ही आधी स्वतःलाच विचारतो.

पण कोटणीसांच्या त्यागाची गोष्ट सांगताना आपण एक बाजू सोडून देतो. त्या पथकाने काम कसं केलं, ही ती बाजू. पाचही जण प्रशिक्षित डॉक्टर होते. अटल यांना तर आधी स्पेनच्या युद्धात काम केल्याचा अनुभव होता. चीनला पोहोचल्यावर त्यांनी आपला वेगळा तंबू ठोकून वेगळी पाटी लावली नाही. आधी ते चिनी रेडक्रॉसच्या यंत्रणेत काम करत होते, १९३९ मध्ये येनानला गेल्यावर तिथल्या सैन्याच्या वैद्यकीय विभागात सामील झाले. प्रत्येकाने चिनी नाव घेतलं. कोटणीस चिनी भाषा बोलायला आणि लिहायला शिकले, तिथल्या मुलांना शस्त्रक्रिया शिकवू लागले आणि पुढे डॉ. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. परक्या माणसाला एवढी जबाबदारी तिथल्या लोकांनी दिली, कारण तो आधी त्यांच्या हाताखाली राबला होता.

दर्जा म्हणतात तो हाच. कामाला लायक माणूस पाठवा, तिथल्या लोकांच्या मागणीवरून पाठवा, तिथल्या यंत्रणेच्या हाताखाली पाठवा आणि त्यांची जबान शिकवून पाठवा. पैशापेक्षा हे अवघड आहे. २२ हजार रुपये तीन दिवसांच्या मोहिमेत जमले, भाषा शिकायला कोटणीसांना कितीतरी जास्त वेळ लागला.

चांगल्या नियतीने माणसं मेली तेव्हा

आता उलट उदाहरण. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या रवांडात कत्तली झाल्या. जुलैच्या मध्यात काही दिवसांत लाखो लोक सीमा ओलांडून झैरे देशातल्या गोमा शहराजवळ येऊन पडले. जमीन लाव्हाची, खणता येत नाही, पाणी नाही, संडास नाहीत. कॉलरा फुटला. पहिल्या महिन्यात ५० हजारांच्या आसपास माणसं मेली. जगभरातून मदत संस्था धावल्या. काहींनी उत्तम काम केलं. पण नंतर अनेक देशांनी आणि संस्थांनी मिळून मोठी चौकशी केली, तिचा अहवाल १९९६ मध्ये आला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की काही संस्था अनुभव नसताना आल्या, एकमेकांशी बोलल्या नाहीत, तेच काम दोनदा झालं, पैसा वाया गेला आणि टाळता आले असते असे काही मृत्यूही त्यामुळे झाले असावेत.

विचार करा. मदत करणाऱ्यांवरच असा ठपका. त्या संस्थांनी काय केलं? काही काळ राग आला असेल. पण मग त्या एकत्र बसल्या आणि १९९७ मध्ये 'स्फीअर' नावाचा उपक्रम सुरू झाला. संकटात माणसाला किमान काय मिळालंच पाहिजे, हे आकड्यात लिहून काढलं गेलं. माणशी रोज किमान १५ लिटर पाणी. २० माणसांमागे एक संडास. डोक्यावरच्या छताखाली माणशी साडेतीन चौरस मीटर जागा. एका नळावर २५० पेक्षा जास्त माणसं नकोत. हे पुस्तक नंतर अनेकदा सुधारलं गेलं, चौथी आवृत्ती २०१८ ची आहे. कुठलीही छोटी संस्था ते फुकट वाचू शकते.

त्याआधी १९९४ मध्येच रेडक्रॉस, रेड क्रिसेंट आणि मोठ्या संस्थांनी दहा कलमांची आचारसंहिता केली होती. मदत देताना जात, धर्म, देश पाहायचा नाही. मदतीच्या आडून राजकीय किंवा धार्मिक प्रचार करायचा नाही. तिथल्या संस्कृतीचा मान ठेवायचा. ज्यांना मदत करतो आणि ज्यांचा पैसा घेतो, त्या दोघांनाही हिशोब द्यायचा. फोटो आणि जाहिरातीत संकटग्रस्ताला लाचार दाखवायचं नाही, इज्जतदार माणूस म्हणून दाखवायचं. आपल्या बुजुर्गांनीही हेच शिकवलं आहे. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, असं आपण म्हणतो. आणि मग रेशनचं किट देताना समोरच्या बेवा बाईचा फोटो स्टेटसला ठेवतो.

२०१० च्या जानेवारीत हैतीत भूकंप झाला तेव्हा पुन्हा तोच धडा. वैद्यकीय पथकं ढिगाने आली, पण कोण काय करू शकतं याची यादीच नव्हती. काहींकडे शस्त्रक्रियेची तयारी नव्हती, तरी शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये परदेशी वैद्यकीय पथकांची वर्गवारी केली: बाह्यरुग्ण तपासणारं पथक, शस्त्रक्रिया करू शकणारं पथक, मोठं रुग्णालय चालवू शकणारं पथक. आपण कोणत्या वर्गात बसतो ते आधी सांगायचं, मग यायचं. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तान-सीरियात भूकंप झाला, तेव्हा भारताने 'ऑपरेशन दोस्त' केलं. एनडीआरएफची पथकं गेली, लष्कराच्या पॅरा फील्ड हॉस्पिटलचं ९९ जणांचं पथक गेलं आणि हाताय प्रांतातल्या इस्केन्देरूनमध्ये त्यांनी रुग्णालय उभारलं. तिथले लोक भारतीय डॉक्टरांना मिठी मारत होते, ते फोटो आपण सगळ्यांनी अभिमानाने पुढे पाठवले. ते पथक तयारी करून, परवानगी घेऊन, स्वतःचा तंबू, जनरेटर आणि औषधं घेऊन गेलं होतं. नुसतं मन भरून आलं म्हणून विमानात बसलं नव्हतं.

किल्लारीचे कपडे

कुणी म्हणेल, या जगाच्या गोष्टी, आपला काय संबंध? मग आपल्या अंगणातली गोष्ट सांगतो. ३० सप्टेंबर १९९३. किल्लारीचा भूकंप. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. पहाटे कुर्डुवाडीतही जमीन हलली, लोक रस्त्यावर आले. दोन दिवसांत गावात कपडे गोळा व्हायला लागले. शाळेच्या एका खोलीत ढीग छतापर्यंत गेला. आम्हा मुलांना तो निवडायला बसवलं होतं. त्यात फाटक्या पॅन्टी होत्या, एकेक पायाचे बूट होते, लग्नातल्या जरीच्या साड्या होत्या. पुढे पावसाचे आणि थंडीचे दिवस, तिथे लोकांना पत्रे, चादरी, भांडी हवी होती. आम्ही त्यांना आमच्या कपाटातलं नकोसं पाठवत होतो. एका सरांनी ढिगाकडे बघून म्हटलेलं वाक्य अजून लक्षात आहे: "पोरांनो, हे दान नाही, ही साफसफाई आहे."

तेव्हा राग आला होता. आज वर्गात आपत्ती व्यवस्थापनाचा धडा शिकवताना आम्ही तेच वाक्य मुलांना सांगतो.

हजची खिदमत: आपला सगळ्यात जवळचा नमुना

आपल्या समाजासाठी परदेशातली सगळ्यात मोठी स्वयंसेवा म्हणजे हाजींची खिदमत. तिचे दोन भाग आहेत. एक सरकारी. ज्यांना आपण वर्षानुवर्षं खादिमुल हुज्जाज म्हणत आलो, त्यांना २०२५ च्या हज धोरणापासून राज्य हज निरीक्षक म्हणतात. ते सरकारी नोकरीतले कर्मचारी असतात. २०२३ मध्ये ३०० हाजींमागे एक, २०२४ मध्ये २०० मागे एक आणि २०२५ मध्ये १५० मागे एक असं प्रमाण आलं. ही सुधारणा मान्य केली पाहिजे. दुसरा भाग बिनसरकारी. जेद्दा, मक्का, रियाधमध्ये नोकरी करणारी आपली माणसं दरवर्षी सुट्टी काढून मिना-अझीझियात उभी राहत आली आहेत. यात केरळची मंडळी सगळ्यात पुढे. त्यांच्या के.एम.सी.सी.सारख्या संघटनांची शिस्त पाहण्यासारखी आहे. कोण कुठल्या चौकात, कोण कुठल्या पाळीत, हे आधी ठरलेलं असतं.

आता २०२४ चा हज आठवा. मक्केत पारा ५० च्या पुढे गेला. सौदी सरकारच्या आकड्यानुसार १,३०१ लोक मरण पावले. त्यातले पाचांतले चार परवान्याशिवाय आलेले होते. त्यांना थंड तंबू नव्हता, बस नव्हती आणि मुख्य म्हणजे ते कुठल्याही यादीत नव्हते. कोण कुठे पडलं, कुणाचा बाप कुठल्या रुग्णालयात, हे शोधताना नातेवाईकांचे दिवसच्या दिवस गेले. यादी ही कागदी कटकट वाटते. पण यादीत नाव असणं म्हणजे कुणीतरी आपल्याला शोधणार आहे, याची खात्री.

आणि २०२५ चा धक्का. भारताचा कोटा १,७५,०२५. त्यातल्या १,२२,५१८ जागा हज कमिटीकडे होत्या, त्या नीट पार पडल्या. बाकीच्या खासगी ऑपरेटरांकडे. ८०० हून जास्त ऑपरेटरांना एकत्र करून २६ मोठे गट करायला लावलं गेलं. सौदीने दिलेल्या मुदतीत मिनाची जागा, राहण्याची सोय, वाहतूक यांचे करार करायचे होते. ते झाले नाहीत. सरकारने बोलणी केल्यावर १० हजार जागांसाठी पोर्टल पुन्हा उघडलं. बाकी हजारो लोकांचा इहराम घरच्या कपाटातच राहिला. दोष कुणाचा, यावर वाद झाले, होत राहतील. हे ऑपरेटर स्वयंसेवक नाहीत, धंदा करणारे आहेत, हेही खरं. पण आपल्यासाठी धडा एकच. २६ गटांत एकत्र बसवलं म्हणून मेळ होत नाही. मेळ आधीपासून सवयीचा असावा लागतो. मुदत डोक्यावर आल्यावर तो जुळत नाही.

मेळ का होत नाही?

आम्ही यावर गावातल्या दोन-तीन तरुण गटांशी बोललो. सगळे आमचेच माजी विद्यार्थी, त्यामुळे मोकळं बोलले. कारणं तीन निघाली.

पहिलं कारण नाव. बॅनरवर कुणाचं नाव आधी, हा प्रश्न. एक मुलगा म्हणाला, "सर लोक एकत्र या म्हणतात, पण एकत्र आलं की मोठा गट आमचं काम आपल्या नावावर दाखवतो." हे खोटं नाही. असं होतं.

दुसरं कारण हिशोब. एका गटाने गोळा केलेल्या रकमेचा हिशोब आजपर्यंत दिला नाही, असं दुसरा गट म्हणतो. पहिला म्हणतो, आम्ही दिला, पण तुम्ही ऐकायला आला नाहीत. कागद कुणाकडेच नाही. अमानत तोंडी चालत नाही, हे आपल्या दीनमध्येही स्पष्ट आहे. देण्याघेण्याची लिखापढी करायला आपल्याला शिकवलं आहे.

तिसरं कारण भीती. परदेशासाठी पैसा म्हटलं की चौकशी होईल, कुणीतरी आरोप करेल. म्हणून लोक गुपचूप करतात. आणि गुपचूप केलं की संशय आणखी वाढतो. या भीतीवर इलाज एकच, कायदा माहीत करून घेणं. इथल्या धर्मादाय संस्थेने देशातला निधी परदेशात खर्च केला तर आयकराची सूट मिळत नाही, त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची खास मंजुरी लागते. उलट दिशेने, बाहेरचा पैसा इथल्या संस्थेने घ्यायचा तर २०१० चा विदेशी अंशदान कायदा लागू होतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देता येत नाही आणि तो दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच यावा लागतो. म्हणजे परदेशी देणगीदारांनी "तिकडून संस्थेला पैसे पाठवतो, तुम्ही चौघे वाटून घ्या" म्हणणं आता चालत नाही. हे नियम जाचक आहेत असं अनेकांना वाटतं, त्यावर बोलण्याचा हक्क आहे. पण नियम माहीत नसणं ही बचावाची बाजू होत नाही. क्यूआर कोड कुणा तरुणाच्या खासगी खात्याचा असेल, तर उद्या त्याच पोराला कचेरीच्या चकरा माराव्या लागतील. त्याच्या चांगल्या नियतीची आपण राखण करायला हवी.

गेज एक करा

कुर्डुवाडीकरांना एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. १८९७ साली इथून बार्शीपर्यंत बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज लाइन सुरू झाली. मुख्य लाइन ब्रॉडगेज, ही अडीच फुटी. एका लाइनचा डबा दुसऱ्या लाइनवर जाऊ शकत नव्हता. म्हणून इथे माल उतरवायचा, हमालांनी वाहायचा, पुन्हा चढवायचा. आमच्या कित्येक घरांची चूल त्या हमालीवर आणि रेल्वेच्या वर्कशॉपवर पेटली. पण मालाचं नुकसान आणि वेळ जायचा तो जायचाच. शेवटी गेज एक केलं तेव्हा गाडी सरळ जायला लागली. दोन्ही लाइनींनी आपलं स्टेशन सोडलं नाही, आपलं नाव सोडलं नाही. रुळांतलं अंतर तेवढं सारखं केलं.

संस्थांच्या एकीचाही अर्थ आम्ही एवढाच घेतो. सगळ्या जमाती, सगळे मसलक, सगळे गट एका झेंड्याखाली या, असं आम्ही म्हणत नाही. ते होणार नाही आणि त्याची गरजही नाही. फक्त काही मापं एक करू या.

पहिलं माप, यादी. तालुक्यातून हजला जाणाऱ्यांची एक यादी: नाव, कव्हर नंबर, घरचा फोन, आजार, रोजची गोळी, कोणती भाषा बोलतात. घरच्यांच्या परवानगीने ती हज निरीक्षकांकडे आणि तिकडे काम करणाऱ्या ओळखीच्या स्वयंसेवकांकडे एकाच नमुन्यात जावी. हरवलेल्या माणसाची नोंद करण्याचा कागदही सगळ्यांचा एकच असावा. आमच्या खालांचे सात तास त्याने वाचले असते.

दुसरं माप, शिक्षण. हजच्या तरबियती शिबिरात अरकान शिकवले जातात, ते हवंच. त्याबरोबर उष्माघात कसा ओळखायचा, ओआरएस कसं द्यायचं, मधुमेही माणूस गळाला तर काय करायचं, मिनाचा पोल नंबर कसा वाचायचा, हेही शिकवा. जो स्वयंसेवक म्हणून जाणार, त्याने कामापुरती पन्नास अरबी वाक्यं पाठ करावीत. कोटणीस चिनी शिकले, आपल्याला पन्नास वाक्यं जड नाहीत. आणि बायकांना तयार करा. २०२३ मध्ये महरमशिवाय हजला जाणाऱ्या भारतीय बायका ४ हजारांहून जास्त होत्या. त्यांच्या मदतीला पुरुषांची फौज उपयोगाची नाही. आपल्या शिक्षिका, परिचारिका, अंगणवाडी सेविकांनी पुढे यायला हवं आणि घरच्यांनी त्यांना जाऊ द्यायला हवं.

तिसरं माप, परवानगी. ज्या देशात जाणार, तिथल्या सरकारची परवानगी आणि आपल्या दूतावासाला माहिती, याशिवाय कुणीही पाऊल टाकू नये. उमऱ्याच्या व्हिसावर जाऊन खिदमतीसाठी लपून राहणं ही खिदमत नाही. तो माणूस उद्या स्वतःच मदत मागणाऱ्यांच्या रांगेत उभा असतो.

चौथं माप, हिशोब. परदेशातल्या संकटासाठी द्यायचं असेल तर सरकारमान्य निधीतून किंवा रीतसर मंजुरी असलेल्या नोंदणीकृत संस्थेतून द्या. गावातल्या गटांनी वेगळे कोड फिरवण्याऐवजी एकत्र बसून अशी एक संस्था निवडावी, पावती प्रत्येकाच्या नावाने यावी. किती जमले, किती गेले, हे मशिदीच्या फलकावर लावावं. आणि जिथे पैसाच उपयोगी, तिथे कपड्यांचे गठ्ठे पाठवू नका. किल्लारीचा ढीग आठवा.

पाचवं माप, चूक कबूल करणं. परत आल्यावर प्रत्येक गटाने एक पान लिहावं: काय चुकलं. सत्काराच्या हारांआधी हे पान. गोमाच्या चुका लिहिल्या गेल्या म्हणून पुढच्या छावण्यांत २० माणसांमागे एक संडास हे माप आलं. आपल्या चुका गप्पांतच राहतात, म्हणून दरवर्षी त्याच होतात.

दोन आक्षेप

काही बुजुर्ग आम्हाला म्हणाले, एवढे नियम केले तर खिदमतीतला जज्बा मरेल. आम्ही त्यांना वारीचं उदाहरण दिलं. आषाढीला आमच्या स्टेशनवर पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्यांची रीघ लागते. पाणी-चहा द्यायला गावातले सगळे येतात, आपली पोरंही असतात. जिथे पाळ्या ठरलेल्या असतात, तिथे रात्री दोन वाजताही पाणी मिळतं. जिथे नुसता जज्बा असतो, तिथे संध्याकाळी सहाला पाच टेबलं आणि रात्री दोनला एकही नाही. जज्बा पहिल्या तासाला पुरतो, नंतरच्या तासांना पाळीच लागते.

दुसरा आक्षेप तरुणांचा. आमचा गट छोटा, हे सगळं मोठ्या संस्थांना परवडतं. हेही अर्धंच खरं. एक नमुना कागद, एक फलक, एक वही आणि महिन्याला एक बैठक, याला खर्च येत नाही. येतो तो फक्त अहंकाराला. छोट्या गटाने एकच काम निवडावं आणि ते नीट करावं. कुणी फक्त हाजींची यादी, कुणी फक्त प्रथमोपचार शिकवणं, कुणी फक्त कायद्याचे कागद. सगळ्यांनी सगळं करायला गेलं की सगळं अर्धवट होतं.

हे सांगताना आम्ही बाजूला उभे नाही. आमच्या शाळेतही दोन समित्या एकाच सहलीसाठी दोनदा पैसे गोळा करून बसल्या होत्या. आम्ही त्यातल्या एका समितीत होतो. सांगायचं एवढंच, की ही सवय वयाने किंवा पदवीने येत नाही, ठरवून लावावी लागते.

पुढच्या हजचे फॉर्म भरले जातील तेव्हा तालुक्यातल्या गटांनी एकदा एका चादरीवर बसावं, एवढीच विनंती. अजेंडा एका ओळीचा: यादीचा नमुना एक करायचा. बैठकीत बॅनर नको, फोटो नको. आमच्या त्या खालांनाही बोलवा. कोणत्या वळणावर कुणी कुठे पाठवलं, हे त्यांना अजून पाठ आहे. आधी त्यांचं ऐकू या, मग कागद आखू या.